इकडील सर्व क्षेम?

प्रश्न : धाकट्या बहिणीची मुलगी अमेरिकेत मानसशास्त्र शिकते आहे. काय करतेस विचारलं की म्हणते, ‘मामा, लॅबमध्ये असते.’ त्या लॅबमध्ये ना परीक्षानळी, ना सूक्ष्मदर्शक! काळ्या, मेक्सिकन, चिनी घरांतल्या किशोरवयीन मुलांची वाढ आणि खुशाली तिथे मोजतात म्हणे. मी ३४ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. खुशाली मोजायची कोणत्या पट्टीने? आणि परवा-परवा बारावी झालेल्या पोरांनी मोजलेलं मानणार कोण?
— एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : सर, तुमच्या पिढीने पोस्टकार्डं लिहिलेली आहेत. घरात आजारपण असो, दावणीचा बैल विकायची पाळी आलेली असो, पत्रातली ओळ ठरलेली : इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘कसा आहेस?’ विचारा, तो हेच पोस्टकार्ड तुमच्या हातात ठेवतो, दोनच अक्षरांत : ‘बरा.’ तुमच्या भाचीच्या लॅबचे निम्मे कष्ट या ‘बरा’च्या पलीकडे कसं जायचं यातच जातात. आणि लॅब म्हणजे तिथे खोली कमी, माणसं जास्त. एक प्राध्यापक, हाताखाली तीन-चार पीएचडी करणारे आणि आठवड्याला आठ-दहा तास देणारी पदवीची मुलं.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. विद्यार्थ्यांनी मोजलेलं कोण मानणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मानलं आहे.

मेमी फिप्स ही आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज गावच्या एका काळ्या डॉक्टरची मुलगी. तिच्या लहानपणी त्या राज्यात काळ्यांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ती गणित शिकायला गेली आणि मानसशास्त्राकडे वळली. तिथेच केनेथ क्लार्क भेटला, लग्न झालं. पदवी मिळाल्यावर त्या उन्हाळ्यात तिने चार्ल्स ह्यूस्टन या वकिलाच्या कचेरीत नोकरी केली. वेगळ्या शाळांविरुद्धच्या खटल्यांची तयारी तिथे चालायची. १९३९ साली पदव्युत्तर पदवीसाठी तिने जो प्रबंध लिहिला त्याचा प्रश्न वरवर अगदी साधा : बालवाडीतल्या काळ्या मुलाला आपण काळे आहोत हे कधी कळतं? ती मुलांपुढे काळ्या-गोऱ्या मुलांची रेखाचित्रं ठेवायची आणि यातला तू कोण, असं विचारायची.

पुढे नवरा-बायकोंनी चित्रांऐवजी बाहुल्या घेतल्या. एकाच साच्यातल्या चार बाहुल्या : दोन तपकिरी, काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांची २५३ काळी मुलं. निम्म्याहून थोडी जास्त आर्कान्साच्या वेगळ्या शाळांतली, बाकीची उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एकत्र शाळांतली. प्रत्येकाला सांगायचं : खेळायला आवडेल ती बाहुली दे. छान आहे ती दे. वाईट दिसते ती दे. आणि सगळ्यांत शेवटी : तुझ्यासारखी दिसते ती दे. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी उचलली. ५९ टक्क्यांनी तपकिरी बाहुली ‘वाईट दिसते’ म्हणून पुढे केली. मग शेवटचा प्रश्न आला की ६६ टक्क्यांना तीच तपकिरी बाहुली आपल्यासारखी म्हणून द्यावी लागली. काही मुलं त्या क्षणी रडली, काही खोलीबाहेर निघून गेली.

१७ मे १९५४ रोजी, वेगळ्या शाळांविरुद्धच्या ब्राऊन खटल्याच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळा एकमताने घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या अकराव्या तळटिपेत मानसशास्त्राच्या पुराव्यांची यादी आहे आणि तिची सुरुवात क्लार्क या नावाने होते. ते नाव केनेथचं. काम मुळात मेमीचं होतं, आपण मागून त्यात शिरलो, असं केनेथने नंतर स्वतःच सांगितलं आहे.

जाता जाता एक सांगतो, सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेमीने १९४३ साली पीएचडी घेतली ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. त्याच विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला होता. ज्या व्यवस्थेने आपल्याला दाराबाहेर ठेवलं तिचीच चिरफाड विद्यार्थी म्हणून करायची, हे त्या भिंतींनी एकदा ऐकलेलं होतं. मार्गदर्शक मात्र मेमीला भलताच मिळाला. ते हेन्री गॅरेट पुढे शाळा वेगळ्याच असाव्यात म्हणून न्यायालयात साक्षीला उभे राहिले.

आता तुमच्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला असेल. वेगळ्या शाळेमुळे मुलं गोरी बाहुली निवडतात असं म्हणायचं, तर एकत्र शाळेतल्या मुलांनी ती कमी निवडायला हवी. आकडे उलटे आहेत. खेळायला गोरी बाहुली दक्षिणेत ६२ टक्के मुलांनी निवडली, उत्तरेत ७२. म्हणजे दोष एकट्या शाळेचा नव्हता. शाळेबाहेर जे जग होतं, तेही त्या बाहुलीला रंग देत होतं. टीकाकारांनी यावर बोट ठेवलं, ते रास्तच. निकाल न्यायाचा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण न्यायाचा निकाल आणि काटेकोर प्रयोग या दोन गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

पुढची बरीच वर्षं बाहुल्यांचा अर्थ ठरूनच गेला : काळं मूल स्वतःचा तिरस्कार करतं. कुणी फारसं तपासेना. मग मॉरिस रोझेनबर्ग आणि रोबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरच्या शाळांतल्या जवळजवळ दोन हजार मुलांना सरळ त्यांच्या स्वतःविषयी विचारलं. १९७१ साली पुस्तक आलं. काळ्या मुलांची स्वतःच्या नजरेतली किंमत गोऱ्या मुलांपेक्षा कमी नव्हती, झालीच तर किंचित जास्त होती. मग बाहुल्या खोट्या? तेही नाही. विल्यम क्रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली हा गुंता सोडवला : माझा गट जगात कसा मानला जातो हे एक, आणि मी स्वतःला कसा वाटतो हे दुसरं. बाहुली पहिलं विचारत होती आणि उत्तर मात्र दुसऱ्याच्या खात्यावर जमा केलं गेलं. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द वाचत मोठ्या झालेल्या सावळ्या मुलीपुढे दोन बाहुल्या ठेवा. ती गोरी उचलेल, बहुतेक. म्हणून वर्गात गणित सोडवायला फळ्याकडे जाताना तिचे पाय लटपटतात असं थोडंच आहे?

आता तुमची पट्टी. याच रोझेनबर्गने १९६५ साली दहा वाक्यांची एक यादी छापली. न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांवर शाळकरी मुलांकडून ती भरून घेतलेली होती. प्रत्येक वाक्यापुढे ‘अगदी खरं’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत चार खुणा. त्यात खुबी अशी की पाच वाक्यं सुलट आहेत आणि पाच उलट. जो पोरगा कंटाळून सगळीकडे ‘खरं’वर टिचक्या मारत सुटतो तो आपोआप सापडतो, बहुपर्यायी पेपर तपासलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मुलाखतींचंही तसंच. ध्वनिमुद्रण शब्दन् शब्द उतरवायचं, मग दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न दाखवता त्यावर खुणा करायच्या : इथे एकटेपणा, इथे आजीचा आधार, इथे शाळेतला अपमान. दोघांच्या खुणा जुळल्या नाहीत तर पुन्हा बसायचं. दहावीच्या पेपरांना मॉडरेटर असतो, त्यातलाच प्रकार. प्रश्नावली स्पॅनिशमध्ये न्यायची असेल तर एकाने भाषांतर करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं. परत आलेलं मुळाशी जुळतं का बघायचं. आपल्या ‘अभिमान’ आणि ‘गर्व’ या दोन शब्दांत केवढं अंतर आहे ते तुम्ही जाणता. चुकीचा शब्द पडला की नम्र घरात वाढलेलं मूल खालचीच खूण करणार आणि अहवालात त्याचा आत्मविश्वास कमी दिसणार.

ही कामं बहुतांशी विद्यार्थीच करतात. कधी कधी त्यांतूनच मोठं काही हाती लागतं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ईव्हा टेल्झर ही पीएचडीची विद्यार्थिनी अँड्र्यू फुलिग्नी यांच्याबरोबर काम करत होती. लॅटिन अमेरिकी, आशियाई आणि युरोपीय मुळांच्या घरांतल्या ७५२ किशोरांनी १४ रात्री रोजनिशीचा एकेक कागद भरला : आज घरी काय काम केलं, धाकट्या भावंडाला सांभाळलं का, आज कसं वाटलं. स्थलांतरित घरांतली मुलं भावंडं सांभाळतात, स्वयंपाक करतात, आईवडिलांची कागदपत्रं वाचून देतात. बिचारी ओझ्याखाली दबलेली असणार, असं कुणालाही वाटेल. २००९ साली छापलेला निष्कर्ष वेगळा निघाला. ज्या दिवशी घरकाम केलं त्या दिवशी मुलं अधिक त्रासलेली नव्हती. उलट जास्त आनंदी होती, आणि त्यामागे आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी आहोत ही भावना होती.

हे वाचून आपल्याकडचे वडीलधारे लगेच मिशीवर ताव देतील, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. फुलिग्नी यांच्याच १९९९ सालच्या, आठशेहून अधिक मुलांच्या अभ्यासात कुटुंबाविषयीचं कर्तव्य मानणारी मुलं अभ्यासाला जास्त महत्त्व देत होती, घरात आणि मित्रांत त्यांचं बरं जमत होतं. पण ज्यांना कर्तव्य सर्वांत जास्त वाटत होतं त्यांचे गुण सर्वांत कमी वाटणाऱ्यांइतकेच, किंवा त्याहूनही खाली होते. घरची आच अभ्यासाला ऊब देते. फार जवळ गेलं की चटकाही बसतो.

सर, भाची पुढच्या वेळी फोनवर आली की ‘काय मोजतेस’ याऐवजी ‘प्रश्न कुणी लिहिले’ असं विचारून बघा. मुलांत काय कमी आहे असं पिढ्यान्‌पिढ्या विचारलं गेलं आणि कमीच सापडत गेलं. रोजनिशीच्या कागदावर ‘आज घरी काय केलंस’ हा रकाना कुणाला तरी सुचावा लागला.

प्रश्न : मुलीच्या शाळेत परवा कॉलेजची दोन मुलं प्रश्नावली घेऊन आली होती. ‘तुला एकटं वाटतं का’, ‘घरी भांडणं होतात का’ असलं विचारत होती. आम्हा पालकांना काही कळवलं नव्हतं. असं चालतं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला संशोधनासाठी काही विचारायचं तर पालकांची लेखी संमती घ्यायची आणि शिवाय मुलाची स्वतःची तयारी विचारायची, ही सर्वसाधारण रीत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठरामध्ये त्याला कळेल अशा भाषेतला लेखी होकार घ्यायला सांगितलं आहे. आईवडील हो म्हणाले आणि पोरगी नको म्हणाली, तर विषय संपला.

यात कागदी सोपस्कारापेक्षा जास्त काय आहे ते एका प्रसंगावरून कळेल. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. तिथे मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत अशी की हे मधुमेहासाठी. २००३ साली जमातीतली एक स्त्री त्याच विद्यापीठात एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचं सादरीकरण ऐकायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की हा आपल्याच लोकांच्या रक्ताविषयी बोलतो आहे, आणि मधुमेहाचा त्यात मागमूस नाही. ती उठली आणि तिने विचारलं : यासाठी परवानगी घेतली होती का? ते नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि माणसांच्या प्राचीन स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरले गेले होते. आपण याच दरीतले, अशी श्रद्धा असलेल्या लोकांना त्यांच्याच रक्तातून ‘तुमचे पूर्वज आशियातून आले’ असं सांगणं म्हणजे काय, विचार करा. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

तेव्हा शाळेत जा आणि शांतपणे तीन गोष्टी मागा : मार्गदर्शक प्राध्यापकाचं नाव, नीतिसमितीच्या मंजुरीची प्रत, आणि भरलेले कागद कुठे, कुणाजवळ राहणार याची माहिती. त्या दोन मुलांवर रागावू नका. बहुतेक वेळा त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं, आणि ती चूक त्यांच्या सरांची.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे वस्तीतली मुलं नेहमी अभ्यासाचा ‘विषय’च का? ती अभ्यासक होतील असं कुठे घडतं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घडतं, आणि तुमच्या लोकलच्या वाटेवरच घडतं. आधी एक गोष्ट. ‘अल्पसंख्य’ म्हटलं की आपल्याला धर्म आठवतो, तिकडे वर्ण आणि देशांतर आठवतं. पण हा शिक्का माणसाच्या कपाळावर कायमचा नसतो, तो जागेवर ठरतो. बेळगावात मराठी शाळेत जाणारं पोर भाषिक अल्पसंख्य. तेच पुण्याला मामाकडे आलं की बहुसंख्य. कराडच्या सरांची भाची इकडे कोण होती आणि तिकडे वर्गात कोण आहे, हे तिला सांगायला नको.

मुंबईत ‘पुकार’ नावाची संस्था आहे. अर्जुन अप्पादुराई आणि कॅरोल ब्रेकेनरिज यांनी ती उभी केली. संशोधन करणं हा विद्यापीठातल्या लोकांचा मक्ता नाही, तो नागरिकाचा हक्क आहे, अशी अप्पादुराई यांची मांडणी. २००५ साली संस्थेची युवा पाठ्यवृत्ती सुरू झाली. दहाएक मुलामुलींचा गट, बरेचसे वस्त्या-चाळींतले. विषय त्यांनीच ठरवायचा, वर्षभर त्याचा पाठपुरावा करायचा, लोकांसमोर मांडायचा. पदवी असायलाच हवी असं नाही.

मला स्वतःला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कौलाबंदरचं काम. पूर्व किनाऱ्यावर मुंबई बंदराच्या जमिनीवरची ही वस्ती. पाहणी झाली तेव्हा सरकारदप्तरी मान्यता नव्हती, त्यामुळे महापालिकेचं पाणी नव्हतं. लोक खासगी विक्रेत्यांकडून नळीने पाणी विकत घ्यायचे, महापालिकेच्या दराच्या कितीतरी पट पैसे मोजून. पुकारच्या स्थानिक संशोधकांनी, त्यांना ‘बेअरफूट रिसर्चर’ म्हणतात, डॉक्टर आणि अभ्यासकांबरोबर इथल्या प्रौढांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी केली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. मनावरच्या ताणासाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, तीही वापरली. झोप लागते का, लक्ष लागतं का, अशा धर्तीची. पण त्यात पाण्याचं नाव नाही. म्हणून त्यांनी शेजारी दुसरी प्रश्नावली मांडली, वस्तीत राहण्यानेच होणाऱ्या जाचाची : पाणी, संडास, घर पाडलं जाण्याची भीती. हिशेब केल्यावर दिसलं की गरिबी वजा केली तरीही या जाचाचा मनावरचा भार वेगळा उरतो.

असली यादी बाहेरचा माणूसही करू शकेल, पण त्याला आधी तिथे राहावं लागेल. पहाटे नळी कुणाच्या दारात, किती वाजता येते आणि त्या दिवशी नाहीच आली तर घरात पहिला आवाज कुणाचा चढतो, हे कौलाबंदरच्या पोराला कुठे शोधायला जावं लागलं नाही. तो रोज रांगेत हंडा घेऊन उभा असायचा.